दुपट्ट्याखालचा हात आणि तारेचं वेटोळं

माझ्या तोंडाला बाजारात फारशी किंमत कधीच नव्हती. बोलायला गेलो की एखादा तरी माणूस दुखावूनच मी परत यायचो. पण माझ्या उजव्या हाताबद्दल अमरावतीच्या कापूस बाजारात कुणी वाकडा शब्द काढला नसता. मी कापसाचा दलाल होतो, आणि त्या काळी दलाल तोंडानं भाव बोलत नसे. शेतकऱ्याच्या वतीनं मी आणि घेणाऱ्याच्या वतीनं समोरचा, असे दोघं एकमेकांचा उजवा हात हातात घ्यायचो, वरून खांद्यावरचा दुपट्टा टाकायचो, आणि त्या कापडाखाली बोटं बोलायची. भोवती कितीही गर्दी असो, भाव त्या दोन हातांखेरीज तिसऱ्याला कळत नसे.

ती भाषा सोपी होती. समोरच्याची जितकी बोटं धरून दाबली तितका आकडा. पंजा पूर्ण आवळला की सौदा पक्का. हात नुसताच धरून ठेवला, दाबलं काहीच नाही, तर बोलणी चालू आहेत असं समजायचं. आणि काही न दाबता हात सोडला तर सौदा नाही. राग नाही, रुसवा नाही, कुणाचं कुणाकडे काही नाही, चला पुढं. दोन नियम मात्र पक्के होते. दाबलेलं बोट परत घेता येत नसे, आणि सौदा डाव्या हातानं होत नसे.

ते दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस अडकून पडला होता, आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडाची अचानक आठवण झाली होती. माझे वडील वलगावचे शेतकरी. जन्मभर काळ्या मातीत राबले, पण कापसाला कुणी इतकं मानानं विचारताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. गावोगावी बैलांच्या शिंगांवर नव्या पितळी शेंब्या दिसू लागल्या. माझं काम वाढलं, माझा भाव वाढला, आणि खरं सांगायचं तर माझा ताठाही वाढला.

संक्रांत नुकतीच झाली होती. मी ज्यांच्याकडे काम करायचो त्या अडत्यांनी मला अंजनगाव सुर्जीला पाठवलं. तिथं सौद्यांची अशी काही झुंबड उडाली होती की झोप म्हणून मिळाली नाही. परतताना दमणीत बसलो. दमणी म्हणजे आमच्याकडची बैलांची हलकी, छताची गाडी. उजवा हात कठड्यावरून बाहेर टाकला, काख कठड्यावर टेकवली आणि बसल्या बसल्या मेल्यासारखा झोपलो. गाडी हादरत होती, ऊन चढत होतं, मला कशाचाच पत्ता नव्हता.

वलगावाजवळ गाडीवानानं बैल पाण्यावर सोडले तेव्हा जाग आली. हात आत ओढला. हात आला, पण मनगट वर येईना. ते खाली लोंबत राहिलं, मान मोडलेल्या कोंबड्यासारखं. मी म्हटलं, हाताला झोप लागली आहे, आता मुंग्या येतील आणि जागा होईल. घरी पोचलो तरी मुंग्या आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. हात उठत नव्हता, पण बोटं मिटत होती, म्हणून मी गेलो. मुंबईच्या एका व्यापाऱ्याचा मुनीम समोर होता. दुपट्टा टाकला. मला त्याची चार बोटं धरायची होती. पण मुठीत काही धरायचं तर आधी मूठ उघडावी लागते, हे त्या दिवसापर्यंत माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. माझा पंजा पुरता उघडला नाही. चौथं बोट बाहेर राहिलं. मुनिमानं तीन समजून वरून पंजा आवळला आणि सौदा पक्का झाला. मी लगेच डावा हात पुढं केला, चार चार म्हणून सांगू लागलो, पण मुनिमानं त्या हाताकडे असं पाहिलं की मीच तो मागं घेतला. शेतकऱ्याचं नुकसान अडत्यांनी स्वतःच्या पदरचं भरून दिलं, आणि संध्याकाळी मला बोलावून घेतलं.

ते माणूस म्हणून चांगले होते. ओरडले नाहीत. माझा लोंबता हात त्यांनी स्वतःच्या हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, तुयावर माया राग नाही. पन हा हात बाजाराचा हाये. होयीपर्यंत मी वाट पायतो. मंग मले दुसरा मानूस पाहा लागन."

होळीपर्यंतच्या त्या मुदतीत मला अकोल्याला जायचं होतं. रेल्वेचे रूळ तेव्हा पश्चिमेकडून वऱ्हाडात सरकत होते. अमरावतीकडच्या कापसाच्या गाड्या रुळांच्या टोकापर्यंत जायच्या आणि वाटेत अकोल्याला मुक्काम करायच्या. त्या गाड्यांवर नजर ठेवायची आणि मुंबईच्या भावाची तार आली की अमरावतीला निरोप धाडायचा, इतकंच काम. त्याला हात लागत नव्हता. ते मला समजत होतं आणि तेच झोंबत होतं.

बायको बरोबर आली. मी नको म्हटलं तर तिनं उलट विचारलं की फेटा कोण बांधून देईल, धोतर कोण नेसवील आणि भाकर कोण मोडून देईल. मी तिचं बोचकं गाडीत ठेवलं. अमरावतीत तिनं तेल चोळून पाहिलं होतं, गरम विटेचा शेक देऊन पाहिला होता, वैद्यांनी वात म्हणून काढा दिला होता. काढा इतका कडू होता की त्यात औषध असणारच असं वाटलं, पण हात जिथल्या तिथं.

अकोल्याचं तारघर म्हणजे एक कौलारू खोली आणि पुढं ओसरी. तारेचे खांब रुळांच्या आधीच येऊन उभे राहिले होते. आत एक तारमास्तर होते, पुण्याकडचे, माझ्यापेक्षा वयानं लहान, अंगानं काडी. कोपऱ्यात मातीच्या भांड्यांची रांग, प्रत्येकात तांब्याचा पत्रा, जस्त आणि निळंशार मोरचूद. त्यातून वीज निघते असं ते सांगायचे. मुंबईची तार यायला कधी कधी अर्धा दिवस लागे, आणि मी ओसरीवर बसून बडबड करायचो. मास्तरांना आमची बोली म्हणजे अंगावर ढेकळं फेकल्यासारखी वाटायची. मला त्यांची बोली वरणात पाणी घातल्यासारखी वाटायची. तरी दोघंही एकमेकांशी बोलल्याशिवाय राहत नव्हतो, कारण दुसरं कुणी रिकामं नव्हतं.

एके दिवशी मास्तर एका बिघडलेल्या यंत्रातलं वेटोळं तपासत होते. लोखंडाच्या जाड दांड्यावर बारीक तारेचे वेढ्यावर वेढे, दोऱ्याच्या रिळासारखे. त्यांनी ते भांड्यांना जोडलं, काहीतरी पाहिलं, आणि दोन्ही हातांनी तार सोडवायला गेले. तार सुटली त्या क्षणी ते जागच्या जागी उडाले. तोंडून जो शब्द निघाला तो पुण्याचा नव्हता, पार आमच्या बाजारातला होता. मी पोट धरून हसलो.

मास्तर रागावले नाहीत. ते माझ्या हाताकडे पाहत राहिले. मग म्हणाले की मुंबईत शिकत असताना त्यांनी एका दवाखान्यात असाच लोंबलेला हात पाहिला होता, आणि तिथले डॉक्टर अशाच वेटोळ्याचे झटके देऊन त्या हाताची परीक्षा करत होते. आपण वैद्य नाही, हेही त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं. मी म्हटलं, वैद्यानं तरी काय मोठे दिवे लावले. करा तुम्हाला काय करायचं ते.

त्यांनी दोन फडकी मिठाच्या पाण्यात भिजवली. एक माझ्या दंडाला बांधलं, एक कोपराच्या खाली, मागच्या बाजूला. दोन्हींतून तारा काढून वेटोळ्याच्या दोन टोकांना लावल्या. मग वेटोळं भांड्यांना जोडलं आणि मला हात सैल सोडायला सांगितलं.

काहीच झालं नाही.

इथं माझा धंदा आडवा आला. आमचं सगळं काम हात हातात असेपर्यंतच होतं. धरलं की बोलणं सुरू, सोडलं की संपलं. म्हणून मी समजलो की जे काही व्हायचं ते जोडलेलं असतानाच होणार. दात आवळून बसलो, हाताकडे टक लावून पाहिलं, मास्तरांना म्हटलं आणखी भांडी लावा. त्यांनी लावली. तरी काही नाही. मास्तर सांगत होते की थांबा, आता मी सोडतो तेव्हा बघा. पण माझं डोकं तापलं होतं. फिसकटलेल्या सौद्यातून माणूस हात काढून घेतो तसं मी डावा हात पुढं केला आणि भांड्याची तार स्वतःच उपटली.

दंडातून असा झटका गेला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. आणि माझं लोंबतं मनगट ताडकन वर आलं. पंजा उघडला, पाचही बोटं ताठ झाली, आणि दुसऱ्या क्षणी हात पुन्हा पडला.

मी म्हणालो, "मास्तर, हा मी नाही उचलला."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण उचलला तुमच्याच स्नायूंच्या बळानं. यंत्र शाबूत आहे, खांब शाबूत आहेत. मध्ये कुठंतरी तार दबली आहे, असं मला वाटतं. तुटली असती तर इतक्या दिवसांनी हात असा उडाला नसता."

मी फेट्याच्या शेवानं तोंड झाकलं. रडताना मला कुणी पाहिलेलं आवडत नाही, अजूनही आवडत नाही. त्या दिवसापर्यंत माझा हात मेला आहे असंच मी मनात धरून चाललो होतो. तो जिवंत आहे हे मला पहिल्यांदा सांगितलं ते या काडी पहिलवानानं, आणि त्याबद्दल मी त्यांचे पाय धरायला हवे होते. मी मात्र त्यांना विचारलं की जोडल्यावर मेलेलं असतं आणि तोडल्यावर जिवंत होतं, हे कसलं उलटं यंत्र.

मास्तरांना असा प्रश्न विचारला की तारा, मुंबई, सगळं बाजूला राहायचं. त्यांनी सांगितलं की नुसत्या भांड्यांची वीज हाताला कळतसुद्धा नाही, इतकी ती मऊ. पण ती वेटोळ्यातून वाहू लागली की आतलं लोखंड लोहचुंबक बनतं. ते एकदम बनत नाही. वेटोळं येणाऱ्या विजेला आधी अडवतं, मग हळूहळू येऊ देतं. आणि तार तोडली की ते चुंबकपण एकदम ओसरतं, आणि ओसरताना त्याच वेढ्यांमध्ये स्वतःहून वीज उठवतं. ती भांड्यांच्या विजेपेक्षा किती तरी जोरकस असते. वाहतं आहे ते थांबू नये असा त्या वेटोळ्याचा हट्ट असतो, म्हणाले. दुसरी वाट मिळाली नाही की ती वीज माणसाच्या अंगातून वाट काढते. याला हल्ली शाळेच्या पुस्तकात मोठं संस्कृत नाव आहे म्हणतात. मास्तर हट्टच म्हणायचे.

मला ते पटलं ते आमच्या गाडीवरून. भरलेली गाडी हलवताना बैलांना आधी जोर लावावा लागतो, गाडी हूं का चूं करत नाही. पण ती चालू लागल्यावर बैल एकदम रोखून पाहा. बैल थांबतात, गाडी थांबत नाही. सगळं ओझं त्यांच्या मानेवर येतं. मी हे सांगितल्यावर मास्तर खुश झाले. असं कुणी समजावून सांगितलं असतं तर मला परीक्षेला इतका घाम फुटला नसता, म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर जेवणाच्या सुट्टीत माझा हात धरू लागले. वेटोळं जोडायचं, तोडायचं, जोडायचं, तोडायचं. प्रत्येक तोडण्याला हात उडायचा. त्यांनी पक्कं बजावलं होतं की यानं हात बरा होईल असं मी म्हणत नाही. हात स्वतःहून जागा होईपर्यंत त्याला उठायची सवय राहावी, इतकंच. अकोल्यात बातमी फिरायला वेळ लागला नाही. कुणी म्हणालं मास्तर आभाळातली वीज मडक्यात भरतो, कुणी म्हणालं तो माझं रक्त तारेतून मुंबईला पाठवतो. बायकोच्या कानावर हे गेलं तेव्हा ती स्वतः तारघरात आली, पदर खोचला आणि मास्तरांना म्हणाली, "आधी माया हातावर करा. मंग यायच्या हातावर."

मास्तर नको नको म्हणत होते. तिनं ऐकलं नाही. झटका बसला तशी ती मागं सरकली, हाताकडे पाहिलं, मुंगळा डसल्यावानी लागतं म्हणाली, आणि मला खुणेनं बसायला सांगितलं. पुढं ती रोज माझ्याबरोबर मास्तरांसाठीही भाकर आणि मिरचीचा ठेचा घेऊन यायची. पहिल्या घासाला मास्तरांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तरी त्यांनी ठेचा कधी परत पाठवला नाही.

वेटोळं दुरुस्त करताना एकदा मी ती तार जवळून पाहिली. तांब्याच्या तारेवर बारीक सूत गुंडाळलं होतं, वेढ्याला वेढा लागून वीज आडवाटेनं जाऊ नये म्हणून. कापसाचं सूत. आमच्या काळ्या मातीत उगवून, कुणाच्या तरी दुपट्ट्याखाली विकलं जाऊन, समुद्रापार कातलं जाऊन कदाचित तेच परत आलं असेल. नसेलही. पण मला त्या सुताचं कौतुक वाटलं, आणि मी त्यावरून बोट फिरवलं.

दिवस जात राहिले. यंत्र हात उचलायचं, मी नाही. तार सुटली की मनगट वर, मग पुन्हा पडलेलं. मी मनात कितीही जोर केला तरी बोट हलायचं नाही. तिकडे पोरं होळीसाठी लाकडं आणि गोवऱ्या गोळा करू लागली. गल्लीतून गोवऱ्यांच्या टोपल्या जाताना पाहिल्या आणि माझं डोकं फिरलं. त्या दुपारी मी तारघरात मास्तरांना नको नको ते बोललो. तुमच्या खेळासाठी मी माकड झालो आहे म्हणालो. दुसऱ्या दिवशी गेलोच नाही. खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

भर उन्हात दारात सावली पडली. मास्तर होते. तारघर रिकामं ठेवता येत नाही, म्हणून ते आपल्या जेवणाच्या वेळेत चालत आले होते. ते जड वेटोळं छातीशी धरलेलं, पाठीमागं एका हमालाच्या डोक्यावर टोपलीत भांडी. सदऱ्यावर मोरचुदाचे निळे डाग. त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. "माझ्यावर रागवा," ते म्हणाले. "हातावर रागवू नका. त्याला जोडू द्या."

मी उठून बसलो. माझ्या सख्ख्या भावानं माझ्यासाठी इतकं ओझं उन्हातून वाहिलं नसतं. हे मी तेव्हा त्यांना सांगितलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. मी जेवत होतो. बायको बेसन वाढत होती, आणि तिला पुरे म्हटलेलं कधी ऐकू येत नाही. तोंडात घास होता, म्हणून मी सवयीनं ताटावर हात आडवा धरला. आमच्यात नको म्हणायची रीतच ती. दुखणं आल्यापासून हा हात असा धरला की मनगट खाली पडायचं आणि बोटं कालवणात बुडायची. मग ती बोटं पुसायची आणि दोघंही काही झालं नाही असं दाखवायचो. मी बोटं बुडायची वाट पाहिली. ती बुडाली नाहीत.

हात ताटावर आडवा राहिला. थरथरत होता, पण राहिला. बायकोच्या हातातली पळी तशीच हवेत होती. ती इतक्या हळू बोलली की मला ऐकायला वाकावं लागलं. "धरून ठेवा जी," ती म्हणाली. "खाली नका ठेवू." बेसन पळीतून गळून माझ्या हातावर पडत होतं आणि आम्ही दोघं रडत होतो.

पुढं हात रोज थोडा थोडा माझा होत गेला. आधी मनगट, मग बोटं, सगळ्यात शेवटी अंगठा. बाजारात जायच्या आधी परीक्षा घ्यायचं मास्तरांनी ठरवलं. बोटांची ती भाषा त्यांनी माझ्याकडून केव्हाच शिकून घेतली होती. तारेची कडकट्ट बोटांनी बोलणाऱ्या माणसाला तीत अवघड काय होतं. तारघराच्या ओसरीवर आम्ही समोरासमोर बसलो, वर दुपट्टा टाकला. मी मूठ उघडली. उघडली. त्यांची बोटं धरली आणि दाबली. मास्तर डोळे मिटून म्हणाले, "चार." मी पुन्हा दाबली. "दोन." पुन्हा. "पाच." मग मी पंजा आवळला. मास्तरांनी डोळे उघडले आणि, दलाल, बोटं मोडाल माझी, म्हणाले.

होळीच्या आधीच्या बाजारी मी अमरावतीत उभा होतो. समोर तोच मुनीम. त्यानं हात देताना क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं. दुपट्टा पडला. मी चार बोटं धरली, नीट, मुळापासून. त्यानं पंजा आवळला आणि चार, असं ओठांनीच म्हटलं, मोठ्यानं म्हणायची रीत नव्हती म्हणून. अडते लांब गादीवर बसून पाहत होते. त्यांनी पानदान उघडलं आणि माझ्यासाठी विडा लावायला घेतला. दुसरा माणूस पाहावा लागला नाही.

पुढं अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचा भाव गडगडला, माझ्यासकट अनेकांचा ताठा उतरला. ते सोसता आलं. हात असला की माणूस बरंच सोसतो.

बऱ्याच वर्षांनी एका सिव्हिल सर्जनला मी ही हकीकत सांगितली. त्यानं दंडावर बोट ठेवून दाखवलं, इथं शीर दबली होती, आणि असा हात बहुतेक वेळा आपोआपच येतो म्हणाला; झटके दिले काय, न दिले काय. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात आलाच असता जी, ती म्हणाली, पन तोवर तुमी सुद्दीवर राहिले असते का? उत्तर दोघांनाही माहीत होतं. डॉक्टरचं खरं असेल. पण त्या दिवसांत मला रोज दुपारी कुणीतरी दाखवत होतं की हात जिवंत आहे. ते काम काढ्यानं केलं नव्हतं आणि मीही केलं नव्हतं.

मास्तरांची बदली त्याच उन्हाळ्यात झाली, खांब पुढं नागपूरकडे सरकत होते तिकडे. निरोप मिळाला तसा मी अकोल्याला गेलो. दमणी दारात उभी होती, वेटोळं आणि भांडी गवतात नीट बांधून ठेवली होती. बायकोनं ठेच्याची बरणी पाठवली होती, ती मी मास्तरांच्या मांडीवर ठेवली. मग खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्यांचा उजवा हात माझ्या हातात घेतला आणि वरून कापड टाकलं.

"मास्तर, भाव सांगा," मी म्हणालो. "पहिला आकडा मले मंजूर हाये."

त्यांना भाषा येत होती. एक बोट दाबलं असतं तरी मी देणार होतो, आणि पाचही दाबली असती तर शेत विकून देणार होतो. त्यांनी हात धरून ठेवला. काही दाबलं नाही. बराच वेळ काही दाबलं नाही. मी वाट पाहत होतो, गाडीवान वाट पाहत होता, बैल माना हलवत होते. माझ्या तळहाताला त्यांचा तळहात कळत होता, एकेक बोट कळत होतं.

मग त्यांनी काहीच न दाबता हात सोडून दिला.

बाजाराच्या नियमानं सौदा झाला नव्हता. कुणाचं कुणाकडे काही उरलं नव्हतं. पण त्यांचा हात सुटला तेव्हा माझ्या दंडातून काय गेलं ते मला ठाऊक आहे. असा झटका मला भांड्यांची तार उपटतानाही बसला नव्हता. दमणी हलली. बैलांनी आधी जोर लावला, मग ती चालू लागली, खांबांच्या रांगेनं लहान होत गेली. वळणावर मास्तरांनी छताखालून मागं वाकून पाहिलं.

माझा उजवा हात वर होता, मनगट ताठ, पाचही बोटं उघडी. या खेपेला तो मीच उचलला होता.